रंगाचा वारसा आणि पिलांचा सांभाळ

माणसाने पाळलेल्या प्राण्यांचा इतिहास सांगावयाचा म्हटला की बैल, घोडा, कुत्रा, कबूतर ही नावे प्रथम पुढे येतात. काचेच्या पेटीत पोहणाऱ्या माशाला त्या पंगतीत कोणी पान मांडीत नाही. तो दिवाणखान्याची शोभा, फार तर मुलांची करमणूक. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर या माशाची योग्यता वेगळीच आहे. रानातला बैल माणसाच्या दावणीला कसा आला, हे पाहावयास आपल्यापैकी कोणी हजर नव्हते. त्या गोष्टीचा पुरावा हाडांत आणि चित्रांत शोधावा लागतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील दोन मासे मात्र अवघ्या सव्वाशे वर्षांत रानटीचे पाळीव झाले, आणि तो प्रवास जवळजवळ पायरी-पायरीने सांगता येतो. माणसाने त्यांच्यापाशी काय मागितले, काय मिळवले आणि ते मिळवताना हातून काय निसटले, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

हे दोन्ही मासे सिक्लिड नावाच्या मोठ्या कुळातले. आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका ही या कुळाची मुख्य घरे. अंडी टाकून निघून जाणे हा पुष्कळ माशांचा रिवाज. सिक्लिडांचा तसा नाही. येथे अंड्यांवर पहारा असतो, पिलांना राखण असते, आणि अनेक जातींत नर व मादी हे काम मिळून करतात. आपल्याला हे कुळ अगदीच परके आहे असेही नाही. गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर हा सिक्लिडच होय. १७९० साली ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे जे शास्त्रीय नाव ठेवले, त्यात आपल्या शेजारचे सुरत शहर कायमचे जाऊन बसले आहे.

आता ॲमेझॉनकडे वळू. १८१७ साली ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना हिचा विवाह पोर्तुगालचा राजपुत्र पेद्रो याच्याशी झाला आणि तिला ब्राझीलला पोचवावयास जो लवाजमा निघाला, त्यात शास्त्रज्ञांचे एक पथक होते. बाकीचे परतले, योहान नाटरर नावाचा गृहस्थ मात्र अठरा वर्षे तेथेच राहिला. जंगले, नद्या, ताप, बंडे यांतून फिरत त्याने पक्षी, प्राणी, मासे यांचे नमुने गोळा करून व्हिएन्नाला धाडले. १८४० साली व्हिएन्नाच्या संग्रहालयातील हेकेल याने नाटररच्या नद्यांतील माशांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या एकाच निबंधात आपल्या दोन्ही माशांची प्रजातीनामे प्रथम आली. एकाला त्याने पंख आणि पान या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘टेरोफायलम’ म्हटले. हाच पुढे इंग्रजीत देवदूताच्या नावाने, एंजल म्हणून प्रसिद्ध झाला. (त्याचे मराठी भाषांतर करण्याचा मोह कोणी धरू नये, देवमासा आपल्याकडे आधीच आहे आणि तो कोणत्याही काचपेटीत मावणार नाही.) दुसरा थाळीसारखा वाटोळा, म्हणून त्याच्या नावात ‘डिस्कस’ हा शब्द आला. नाटररच्या पदरी काय पडले म्हणाल, तर १८४३ साली तो वारला आणि १८४८ च्या बंडाळीत व्हिएन्नाच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत त्याच्या रोजनिशा जळून गेल्या. मासे तेवढे दारूच्या बरण्यांत शिल्लक राहिले.

जिवंत एंजल मासा युरोपात पोचावयास आणखी सुमारे सत्तर वर्षे गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तो जर्मनीत आला आणि थोड्याच वर्षांत तेथील शौकिनांनी त्याची वीण करून दाखवली. मूळ माशाचा रंग चांदीसारखा, आणि अंगावर उभे काळे पट्टे. बुडालेल्या झाडांच्या मुळ्यांत आणि पाणवनस्पतींच्या देठांत उभा राहिला की तो दिसेनासा होतो. म्हणजे हे पट्टे त्याचा दागिना नसून चिलखत होते. जगण्यासाठी मिळालेला रंग आणि पाहणाऱ्यासाठी निवडलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे मनात धरून ठेवले पाहिजे.

वीण होते ती अशी. जोडी जमली की ती एखादे रुंद पान किंवा पाटीचा उभा तुकडा निवडते आणि तोंडाने घासून स्वच्छ करते. मादी ओळीने अंडी चिकटवीत जाते, नर मागोमाग फिरतो. शेकड्यांनी अंडी होतात. २७-२८ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात सुमारे दोन-अडीच दिवसांत ती फुटतात. मग चार-पाच दिवस पिले डोक्याने चिकटून शेपट्या वळवळीत राहतात आणि पोटातील बलकावर जगतात. आईबाप परांनी वारा घालतात, बुरशी धरलेली अंडी वेचून काढतात, गळून पडलेले पिलू तोंडात धरून जागेवर नेऊन ठेवतात. परंतु टाकीजवळून कोणी धसमुसळेपणाने गेले, दिवा अवेळी लागला, किंवा जोडी नवखी असली, तर हेच आईबाप सगळी अंडी गिळून मोकळे होतात.

व्यापारी पैदासकाराला हा धोका परवडेना. त्याने उपाय काढला तो सोपा होता: अंडी चिकटलेली पाटी उचलावयाची, वेगळ्या भांड्यात ठेवावयाची, परांच्या वाऱ्याऐवजी हवेचे बुडबुडे सोडावयाचे आणि बुरशीला मिथिलीन ब्ल्यूचे चार थेंब. आईबाप या व्यवहारातून बाद झाले. जोडीपुढे नवी पाटी ठेवली की एक-दोन आठवड्यांनी ती पुन्हा अंडी घालू लागे. पिले सांभाळणाऱ्या जोडीला इतकी सवड नसते.

तरी पोहू लागलेल्या पिलाच्या तोंडात काय घालावयाचे हा प्रश्न उरलाच. तो सुटल्यावाचून पुढचा रंगाचा इतिहास घडलाच नसता, आणि तो सोडवला मिठागरातल्या एका क्षुद्र जीवाने. आर्टिमिया हा खाऱ्या पाण्यातला चिमुकला कवचधारी प्राणी. त्याची अंडी वाळली की धुळीसारखी होतात, वर्षानुवर्षे टिकतात आणि मिठाच्या पाण्यात टाकली की दीड दिवसाच्या आत फुटून नारिंगी ठिपक्यांसारखी पिले वळवळू लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या आल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेच्या रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये हे माशांच्या पिलांचे उत्तम अन्न असल्याचे दाखवून दिले. डब्यात ठेवावयाचे कोरडे आणि खावयास घालावयाचे जिवंत, असे अन्न हाती आल्यावर पैदास ही नशिबाची गोष्ट राहिली नाही. आपल्याला कौतुक वाटावे अशी बाब म्हणजे हा प्राणी मुंबईतही निघाला. वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली आहे. लोकल गाडीतून त्या मिठागरांकडे पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

पिले हजारांनी जगू लागली तेव्हा रंगाचे नवल दिसू लागले. याचे कारण गणिती आहे. जनुकांत आपोआप बदल होणे ही दुर्मिळ घटना. नदीत ती घडली तर वेगळ्या रंगाचे पिलू शत्रूच्या डोळ्यांत प्रथम भरते आणि गोष्ट तेथेच संपते. टाकीत शत्रू नाही. उलट तेथे वेगळ्या पिलाची वाट पाहणारा, त्याच्यासाठी निराळी टाकी राखून ठेवणारा माणूस उभा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत काळसर, जाळीदार छटेचे एंजल मासे पैदासकारांच्या हाती आले आणि त्यांच्यापासून मखमलीसारखे काळे मासे निघाले. याच दशकात जर्मनीत लांब, झुळझुळीत परांचा प्रकार पुढे आला.

या काळ्या रंगाचा हिशेब पाहण्यासारखा आहे, कारण मेंडेलने मठाच्या बागेत वाटाण्यावर जे १८६६ साली दाखवले तेच येथे पाण्यात दिसते. काळेपणा आणणाऱ्या जनुकाची एक मात्रा मिळाली तर मासा जाळीदार होतो. आई आणि बाप दोघांकडून एक-एक मिळून दोन मात्रा झाल्या तर तो पूर्ण काळा. दोन जाळीदार माशांची जोडी लावली आणि दोनशे पिले झाली, तर सुमारे पन्नास चांदीची, शंभर जाळीदार आणि पन्नास काळी असावयास हवीत. पण विक्रीच्या वेळेपर्यंत काळ्यांची संख्या भरत नाही. दोन मात्रांची पिले नाजूक. ती हळू वाढतात आणि मरतात अधिक, असा पैदासकारांचा जुना अनुभव आहे. म्हणून शहाणा पैदासकार काळा मासा चांदीच्या माशाशी लावतो. मग सगळी पिले जाळीदार आणि धडधाकट निघतात. परंतु गिऱ्हाईक काळा मागते, आणि शहाणपणापेक्षा गिऱ्हाइकाचे वजन नेहमीच जास्त.

१९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील चार्ल्स ॲश यांच्याकडे संगमरवरी, म्हणजे काळ्या-पांढऱ्या रेघोट्यांचा एंजल निपजला. त्याच सुमारास मिलवॉकीच्या कार्ल नाजा यांच्याकडचा सोनेरी प्रकार प्रसिद्धीस आला. सोनेरी रंगाची तऱ्हा काळ्याहून निराळी. तो अप्रभावी आहे. सोनेरी आणि चांदीचा यांची सर्व पिले चांदीची दिसतात, जणू सोने बुडाले. आणि त्या भावंडांची आपसात जोडी लावली की चौथा हिस्सा पुन्हा सोनेरी. नातू आजोबांवर गेला असे आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. यामुळे रंग पक्का करावयाचा तर भाऊ-बहिणींची जोडी लावणे हा सर्वांत जवळचा रस्ता ठरला, आणि त्या रस्त्याने रंगाबरोबर दडलेले दोषही उघडे पडत गेले.

विखुरलेल्या या अनुभवांना शास्त्राची शिस्त लावली ती डॉ. जोआन नॉर्टन या अमेरिकन विदुषीने. १९८० आणि १९९० च्या दशकांत त्यांनी एका शौकिनांच्या मासिकात लेखमाला लिहिली. जोड्या लावावयाच्या, प्रत्येक विणीतली पिले रंगवार मोजावयाची आणि आकडे जसेच्या तसे छापावयाचे, असे काम. काळा, संगमरवरी आणि सोनेरी हे तीन वेगळे गुण नसून एकाच जागेवर बसू शकणाऱ्या जनुकाची ती निरनिराळी रूपे आहेत, हे अशा मोजदादीतून स्पष्ट झाले. दोघांच्याच बाकावर तिसऱ्याला बसता येत नाही. तसे एका माशात यांतली दोनच रूपे राहू शकतात. कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेने न केलेले हे काम मासिकाच्या पानांतून झाले, याबद्दल मला त्यांचा विशेष आदर वाटतो.

नॉर्टनबाईंच्या अभ्यासातील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. एंजलचा एक प्रकार पुढून चांदीचा आणि मागून काळा असतो. त्याचे जनुक दोन्ही बाजूंनी मिळाले तरी मागचा अर्धा भाग काळा होईलच अशी खात्री नाही. पिलांची दाटी झाली, पाणी बिघडले, अन्न कमी पडले तर तो काळेपणा उमटतच नाही. म्हणजे वारसाहक्काचा कागद हाती आहे, पण बालपण नीट गेले नाही तर वाटणी मिळत नाही. रंगाचे श्रेय केवळ वंशाला देणाऱ्यांनी ही पिले पाहावीत.

आता निसटलेल्या गोष्टीकडे येऊ. पिढ्यान्‌पिढ्या अंडी उचलून नेल्यामुळे पाळीव एंजल पिले सांभाळावयास विसरले, अशी तक्रार जुने शौकीन करतात. यात वाद आहे. काहींच्या मते दोष वंशाचा नसून टाकीचा आहे: दाटी, वर्दळ आणि कोवळ्या वयाची जोडी. पुष्कळ जोड्या दोन-चार विणी वाया घालवून मग उत्तम आईबाप होतात, हेही खरे. तरी एक गोष्ट नाकबूल करता येणार नाही. नदीत अंडी खाणाऱ्या जोडीचा वंश चालत नाही. कारखान्यात तो सांभाळणाऱ्या जोडीइतकाच, किंबहुना अधिक जोरात चालतो. जेथे गुणाची परीक्षाच होत नाही तेथे तो गुण टिकेल कशाच्या बळावर? काही पैदासकारांनी हे ओळखून स्वतः पिले वाढवणाऱ्या जोड्यांचाच वंश निवडून चालवण्याचा उद्योग मुद्दाम केला आहे. बाजारात त्याला मोल कमी, पण माझ्या मते त्यांचे काम सोनेरी रंग पक्का करणाऱ्यांपेक्षा हलके नाही.

एंजलने माणसाचे सगळे ऐकून घेतले. डिस्कसने घेतले नाही.

डिस्कस मोठा, देखणा, अंगावर उभे पट्टे आणि निळ्या-हिरव्या लहरी. एंजलच्या बाबतीत जी युक्ती चालली तीच याच्यावर करावी म्हणून लोकांनी अंडी उचलून वेगळी ठेवली. अंडी फुटली. पिले पोहू लागली. पुढे आर्टिमिया ठेवला, आणखी बारीक अन्न ठेवले. तरी ती मेली. पुन्हा केले, पुन्हा मेली. ज्यांनी कंटाळून किंवा आळसाने पिले आईबापांपाशी राहू दिली, त्यांना विलक्षण दृश्य दिसले. पोहू लागलेली पिले थेट आईबापांच्या अंगाला जाऊन चिकटत आणि कातडीवरचा बुळबुळीत श्लेष्म टिपून खात. एक पालक थकला की अंगाला झटका देऊन सगळा घोळका दुसऱ्याच्या अंगावर सोपवी. कॅलिफोर्नियाच्या हिल्डमन यांनी १९५९ साली ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात यावर निबंध लिहिला आणि हा प्रकार शास्त्रात रुजू झाला.

पुढे जर्मन संशोधकांनी दाखवले की सस्तन प्राण्यांत दूध उतरवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक डिस्कसच्या कातडीवरील श्लेष्मही वाढवते. २०१० साली इंग्लंडातील एका पथकाने हा श्लेष्म तपासला, तेव्हा जोडीने अंडी घालताच त्यातील प्रथिने आणि रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे वाढतात असे दिसले. पहिले दोन आठवडे आईबाप पिलांना अंगावर येऊ देतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते दूर पळू लागतात आणि पिले बाहेरच्या अन्नाकडे वळतात. ज्या घरात मूल अंगावरून तोडले आहे, तेथे याचे अधिक स्पष्टीकरण लागणार नाही. फरक एवढाच की येथे बापही पाजतो.

आपल्या दक्षिणेतला कालुंदराचा धाकटा भाऊबंद, पिवळा ठिपकेदार सिक्लिड, याची पिलेही आईबापांच्या अंगावर अशीच टोच मारतात. वॉर्ड आणि बार्लो यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन केले. मात्र त्या पिलांना हे अन्न जोडीला असते. डिस्कसच्या पिलांचे सुरुवातीला सारे त्यावरच अवलंबून असते.

म्हणून डिस्कसच्या रंगाचा इतिहास सावकाश घडला. जर्मनीतले एदुआर्ड श्मिट-फोके हे व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी आणि फ्लोरिडातील जॅक वॉटली यांनी नदीतून आणलेल्या माशांतून निळ्या लहरी अधिक असलेले निवडून त्यांचा वंश चालवला. होता होता लहरी एकमेकींत मिसळल्या आणि सर्वांग निळे झाले. वॉटली यांनी तर आईबापांवाचून पिले वाढवण्याचाही मार्ग काढला. अंड्याच्या भुकटीची चिकट लापशी भांड्याच्या काठाला लावावयाची, म्हणजे पिले तिला अंग समजून टिपतात. पाणी मात्र दिवसातून अनेक वेळा बदलावयाचे. हे साधते, पण त्याला जी चिकाटी लागते ती पाहिली म्हणजे डिस्कसचे आईबाप रोज फुकट काय करीत होते त्याची किंमत कळते.

मध्यंतरी बाजाराने आडवाटही शोधली. रंगद्रव्य मिसळलेले अन्न किंवा संप्रेरके देऊन मासा काही आठवडे लाल करता येतो. विकत घेतलेला लाल मासा तीन महिन्यांनी तपकिरी झाला तर दोष पाण्याला देऊ नये. हा रंग खाल्लेला असतो, वारशाने आलेला नसतो.

वारशाने आलेला सर्वांत मोठा फेरबदल थायलंडात झाला. १९९० नंतर लगेच तेथून ‘पिजन ब्लड’, म्हणजे कबुतराचे रक्त, या नावाचा डिस्कस जगाच्या बाजारात आला. पिवळसर-नारिंगी अंग, त्यावर फिकट नक्षी, आणि उभे पट्टे पार गेलेले. हा गुण प्रभावी असल्यामुळे एका मात्रेनेही उतरतो. साहजिकच पाचदहा वर्षांत त्याच्यापासून लाल, पांढरे, चौकटीचे असे असंख्य प्रकार निघाले. त्याच्या काळ्या रंगपेशी नेहमीसारख्या वागत नाहीत. त्या मिरपूड शिंपडल्यासारख्या अंगभर विखुरतात. पैदासकारांनी ती मिरपूडही निवडीने कमी-कमी केली, कारण गिऱ्हाइकाला स्वच्छ मासा हवा होता.

आणि येथे पिलांची अडचण झाली. साधा डिस्कस पिले अंगावर घेण्याच्या दिवसांत गडद होतो. अंधुक पाण्यात पिलांनी जावयाचे कोठे, तर त्या काळोख्या अंगाकडे. तीच त्यांची खूण. पिजन ब्लडला गडद होताच येत नाही. अंगावर श्लेष्म आहे, आईबाप सांभाळावयास तयार आहेत, आणि पिले टाकीच्या कोपऱ्यात, पाणी गाळणाऱ्या काळ्या स्पंजाभोवती घोटाळत उपाशी मरत आहेत, असे दृश्य अनेकांनी पाहिले. जो काळेपणा माणसाने मळ समजून पुसला, तो पिलांचा रस्ता होता.

यावर पैदासकारांनी उपाय शोधले आहेत. टाकीतल्या सर्व काळ्या वस्तू काढून घ्यावयाच्या, तळ आणि भिंती फिकट ठेवावयाच्या, पाणी उतरवून पिलांना आईबापांजवळ आणावयाचे. तेही जमले नाही तर शेवटचा मार्ग उरतो. शेजारच्या टाकीत साध्या तपकिरी डिस्कसच्या जोडीने त्याच सुमारास अंडी घातलेली असली, तर पिजन ब्लडची पिले नेऊन त्या जोडीपाशी सोडावयाची. तपकिरी मासा बाजारात कोणी विचारीत नाही. तरी अनेक पैदासकार त्याची एखादी जोडी मागच्या टाकीत राखून ठेवतात, आणि लाल-पांढऱ्या वाणाची पिले तिच्या काळसर अंगावर वाढतात.